पेनिसिलीनचे सोळा वाटे

एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. सातव्याच्या वाट्याला नेमकं काय आलं याचा तपास कुणी केलेला नाही, आणि करूही नये. कारण वाटणी ही पोट भरण्यासाठी नसते, मन भरण्यासाठी असते. हे तत्त्व लहानपणी सगळेच पाठ करतात. ते शेवटपर्यंत पाळणारी वस्ती मात्र एकच होऊन गेली, ती म्हणजे पनवेलच्या खाडीकाठची दांडखार.

दांडखारात सोळा घरं होती, सगळी मिठागरात राबणाऱ्या आगऱ्यांची. (सतरावं घर एकदा बांधायला काढलं होतं. पण त्याने भागाकार बिघडतो अशी हरकत निघाली आणि पायाचे दगड सोळा घरांत वाटून टाकण्यात आले.) गावात जे येईल त्याचे सोळा वाटे व्हायचे. खाजणातली, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीतली मासळी, होळीचा बोकड, भरतीबरोबर वाहून आलेलं लाकूड, पनवेलहून कुणी आणलेलं वर्तमानपत्र. एकदा एक छत्री वाहत आली. तिला काड्या निघाल्या आठ. गाव क्षणभर विचारात पडलं, मग प्रत्येक काडी मधोमध मोडली आणि सगळे समाधानाने भिजत घरी गेले.

वाटणीची रीत अशी होती की तिच्यात माणसाच्या लबाडीला फटच नव्हती. सोळा वाटे केळीच्या पानांवर मांडायचे. एकाने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "यो कोनाचा?" आणि वाट्यांकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाने एका घराचं नाव घ्यायचं. पाठमोऱ्याला दिसत नाही, म्हणून त्याला आपलं-परकंही दिसत नाही. त्याने एकदा नाव घेतलं की ब्रह्मदेव येऊन भांडला तरी वाटा बदलायचा नाही. गेली बावीस वर्षं ही पाठ काशीराम ठाकूर याची होती.

काशीरामची पाठ रुंद होती, आणि नियत तिच्याहून रुंद. बावीस वर्षांत त्याने आपल्या घराचं नाव सोळाव्या जागेच्या आधी एकदाही घेतलं नव्हतं. उरलेलं शेवटचं जे असेल ते आपलं. गावाला याचा केवढा अभिमान! अभिमान नव्हता तो फक्त त्याच्या बायकोला, रंभाला. ती म्हणायची, "लगीन झाल्यापासून मी शेपटीच खातेय. माशाला डोकं असतं, ते मना लोकांकडून कललं."

अशा या सुखी गावात एकोणीसशे एकोणपन्नास सालच्या माघात विज्ञानाने प्रवेश केला.

झालं असं, की मिठागरात काम करताना रंभाच्या टाचेत कालवाची शिंप घुसली. टाच सुजली, ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशी ती काशीरामला "कोन तुमी?" असं विचारू लागली. चार घरच्या चार गड्यांनी तिला डोलीत घालून पनवेलला दमयंतीबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. पाच खाटा, एक बाई डॉक्टर आणि कमळाकर नावाचा एक कंपाउंडर, एवढा त्या दवाखान्याचा पसारा. दमयंतीबाईंनी जखम धुतली, पहिली सुई टोचली आणि एक छोटी बाटली काशीरामच्या हातात दिली.

"हे पेनिसिलीन आहे. या एका बाटलीत दहा सुयांचं औषध असतं. एक मी दिली. रोज एक, दहा दिवस. कमळाकर घरी येऊन देईल. बरं वाटलं तरी थांबायचं नाही."

काशीरामने बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि घरी माठाच्या गारव्याला ठेवली. दुसऱ्या दिवशी कमळाकरने दुसरी सुई दिली. तिसऱ्या दिवशी तो सायकल हाकत, बांधावरून तोल सांभाळत पोचला तेव्हा रोगी घरात नव्हता. रोगी विहिरीवर पाणी भरत होता आणि हौसाशी भांडत होता. हौसा म्हणजे शेजारीण. भांडणाचा विषय, रंभा आजारी असताना तिच्या चुलीवर पेज नीट शिजली होती की नाही.

काशीराम ओट्यावर बसून बाटलीकडे बघत होता. ताप उतरला. बाटलीत आठ सुया उरल्या. आठाच्या अर्ध्या केल्या की सोळा. हा निव्वळ योगायोग आहे, असं म्हणणारा माणूस दांडखारात एक दिवसही टिकला नसता.

"अहो, पण हे औषध वहिनींसाठी आहे," कमळाकर म्हणाला.

"तसं कसं?" काशीराम म्हणाला. "डोलीला खांदा कोनी दिला? चार घरांनी. पेज कोनी घातली? हौसानं. बारा घरं देवाला नवस बोलली. ताप समद्या गावानं उतरवला, न् औषीद तिनं एकटीनं खायाचं? मना नाय बा झेपायचं ते."

कमळाकरला याचं उत्तर पाठ्यपुस्तकात सापडलं नाही. शिवाय त्याच वेळी विठूने, म्हणजे वाट्यावर बोट ठेवायचा ज्याचा मान होता त्याने, दीड हात लांबीचं जिताडं आणून सायकलच्या हँडलला अडकवलं. (जिताड्याचे वाटे झाले नाहीत, पाहुण्याला दिलेला मासा वाटणीत धरत नाहीत.) खाडीतलं जिताडं नाकारण्याइतकं विज्ञान तेव्हा पुढे गेलेलं नव्हतं.

त्या दुपारी दांडखारात सोळा अर्ध्या सुया टोचल्या गेल्या. सात गळवांना, तीन खोकल्यांना, दोन दाढांना. एक सासरी निघालेल्या मुलीला, वाटेत काही होऊ नये म्हणून. एक बैलाला. एक विठूला, ज्याला काहीच झालं नव्हतं आणि हेच त्याला संशयास्पद वाटत होतं. सोळावी काशीरामला, कारण वाटा नाकारणं म्हणजे गावाचा अपमान. कमळाकरने सुई पहिल्या घरी उकळून घेतली होती. पुढे पंधरा घरी चूल पेटवायला लावणं त्याला बरं वाटेना, तेव्हा ती एकच सुई सगळ्यांनी वाटून घेतली.

गुण आला! सातातली पाच गळवं बसली, बैल उठला आणि मुलगी सासरी नांदली. विठूला तर इतकं बरं वाटलं, की आपल्याला किती मोठा आजार होता हे त्याला तेव्हा कळलं.

चांगल्या गोष्टीची लगेच संस्था होते, तशी याचीही झाली. पुढच्या आठ वर्षांत औषधाच्या वाटणीचे नियम तोंडी ठरत गेले, आणि ते लिहून ठेवण्याची गरज कुणाला पडली नाही, कारण ते मोडावेत असं कुणालाच वाटलं नाही. ताप उतरला, की रोग्याचा औषधावरचा हक्क संपतो. ताप उतरला की नाही हे हौसा कपाळाला हात लावून ठरवील. (हौसाचा हात चुलीपुढे बसून नेहमीच गरम असायचा, त्यामुळे तिला बहुतेक कपाळं गार लागत.) गोळी असेल तर अडकित्त्याने फोडावी, पूड असेल तर चिमटीने घ्यावी, सुई असेल तर कमळाकर आणि जिताडं यांची वेळ जुळवावी. ज्या घरात आजार नसेल त्या घराने आपला वाटा फडताळात ठेवावा. आजार काय, आज ना उद्या येतोच.

आकडेच सांगायचे तर आठ वर्षांत दांडखारच्या माणसांना दमयंतीबाईंनी त्रेचाळीस वेळा औषध लिहून दिलं. त्यांपैकी रोग्याने एकट्याने संपवलं, असं एकदाही झालं नाही. एवढा निःस्वार्थीपणा दुसऱ्या कुठल्या तालुक्यात असेल तर त्याने पुढे यावं.

आता गळवं पूर्वीसारखी राहिली नव्हती, हे खरं. पूर्वीचं गळू गरीब असायचं. अर्ध्या सुईत बसायचं. पुढे पुढे त्याला पाऊण लागू लागली, मग एक, मग दोन घरांचे वाटे एकत्र केले तरी ते ढिम्म. पोरांची खरूज पिकली की महिनामहिना वाहायची. गावाने यावर विचार केला आणि दोन निष्कर्ष काढले. एक, मुंबईहून येणाऱ्या औषधात आता पूर्वीचा राम राहिला नाही. दोन, माणसांची पापं वाढली. तिसरा निष्कर्ष दमयंतीबाईंनी काढला होता, पण त्या पडल्या बाहेरच्या.

"काशीराम," एकदा त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "साप अर्धा मारून सोडता का तुम्ही?"

"नाय बा! अर्धमेला साप डूख धरतो."

"मग जंतू का सोडता? दोन दिवसांत जे मरतात ते लेचेपेचे. चिवट असतात ते मागे राहतात, त्यांना मारायला उरलेले दिवस लागतात. तुम्ही नेमकं तेव्हा औषध काढून घेता, आणि वर दुसऱ्या पंधरा घरच्या जंतूंना चाटवता. मेले तर नाहीतच, उलट शहाणे झाले. परवा बाजारपेठेतला एक माणूस आला. त्याने दांडखार जन्मात पाहिलेलं नाही, पण गळू तुमच्याकडचंच. पेनिसिलीनला जुमानत नाही!"

काशीराम घरी आला तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता. आपला वाटा थेट पनवेलच्या बाजारपेठेपर्यंत पोचला, तोही न मागता! बाकीच्या बोलण्याचा त्याने राग मानला नाही. शहरातली माणसं दारं लावून जेवतात. वाटून खाण्यातलं त्यांना काय कळणार?

(जंतूसुद्धा अंगचं बळ एकमेकांना वाटून देतात, असं शास्त्रज्ञांना पुढे आढळून आलं म्हणतात. हे काशीरामला वेळेवर कळतं, तर त्याने त्यांना भावकीत घेतलं असतं.)

एकोणीसशे सत्तावन्न साली रंभाच्या पाठीवर गळू आलं. घरातला वाटा लावून झाला, शेजारचे दोन वाटे झाले, मग हौसाने ते सुईने फोडून दोन्ही अंगठ्यांनी पिळलं. दुसऱ्या दिवशी रंभाला अशी थंडी भरली, की खाट हलू लागली आणि खाटेखालची कोंबडी बाहेर पळाली. पुन्हा डोली, पुन्हा चार गडी, पुन्हा पाच खाटांचा दवाखाना.

दमयंतीबाईंनी नाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "गळवातलं रक्तात उतरलंय," त्या म्हणाल्या. "जंतू आता एका जागी नाहीत, सगळ्या अंगात फिरताहेत."

पेनिसिलीन सुरू झालं. या खेपेस पुरतं, दर काही तासांनी, दवाखान्यातच. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. रंभाचा ताप हलेना. काशीराम दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. मधूनच आत जायचा, तिचे पाय दाबायचा आणि बाहेर यायचा. तीस वर्षं ही बाई आपल्या हातची शेपटी खात आली, आणि आपण तिला एकदाही मधला तुकडा दिला नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याला भीती वाटत होती. एवढी भीती त्याला वादळात होडी उलटली तेव्हाही वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी दमयंतीबाई बाहेर येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. रागावण्याइतकी ताकद त्यांच्यातही उरली नव्हती.

"पेनिसिलीन लागू पडत नाहीये. कमळाकरला मुंबईला पाठवलंय, नवीन औषध निघालंय ते आणायला. त्याच्यापुढचं औषध माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. अजून निघालेलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "काशीराम, उधाणाच्या भरतीला खाजणाचा बांध फुटतो, तेव्हा काय करता?"

"माती टाकतो."

"सोळा घरांत वाटून?"

काशीरामने त्यांच्याकडे पाहिलं. "असं कसं, बाय? जिथं खांड पडली तिथंच टाकायची. समदी."

"आणि अर्धी टाकून थांबलात तर?"

काशीरामला चाळीस सालचं उधाण आठवलं. त्या वेळी बांधाला खांड पडली होती. अख्ख्या गावाने माती, दगड, पेंढा, घमेली, शेवटी काशीरामच्या घराचा दरवाजासुद्धा त्या एका भगदाडात टाकला होता. अर्ध्यावर थांबले असते तर सोळाही घरं खाडीत गेली असती. तेव्हा दरवाजाचे वाटे कुणी मागितले नव्हते. हे आपल्याला आठ वर्षांत कसं सुचलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

नवीन औषध आलं. लालपिवळ्या कॅप्सुला, एकूण छप्पन्न. दिवसाला चार, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी रंभाने काशीरामला ओळखलं. सहाव्या दिवशी ताप पूर्ण उतरला आणि ती कमळाकरच्या चहाला नावं ठेवू लागली. खाटा पाच आणि रोगी अकरा, असा हिशेब असल्यामुळे दमयंतीबाईंनी तिला घरी सोडलं. उरलेल्या कॅप्सुलांची बाटली त्यांनी काशीरामच्या मुठीत ठेवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "आठ दिवस. शेवटच्या गोळीपर्यंत. अर्ध्यावर सोडलंत, तर तिला मी पुन्हा वाचवू शकणार नाही."

डोली गावात शिरली तेव्हा वडाखाली सगळं गाव जमलं होतं. आनंद खराच होता. बायांनी रंभावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग हौसाने तिच्या कपाळाला हात लावून "गार हाय" असं जाहीर केलं, आणि गाव कामाला लागलं. सोळा केळीची पानं मांडून तयारच होती.

विठूने बाटली मागून घेतली आणि कॅप्सुला मोजल्या. बत्तीस. त्याने बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवली. "बत्तीस! सोला दुने बत्तीस! फोडाया नको, तोडाया नको. देवानंच मोजून धाडल्यात!"

प्रत्येक पानावर दोन दोन कॅप्सुला मांडल्या गेल्या. हिरव्या पानांवर लाल-पिवळा रंग फार शोभत होता. हौसा आपल्या सहा वर्षांच्या शकूला कडेवर घेऊन पुढे उभी होती. शकूच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली होती आणि तिला मान वळवता येत नव्हती. हौसाने तोंडाने काहीच मागितलं नाही. दोन्ही खेपेस हौसानेच रंभाची चूल सांभाळली होती, तिला मागण्याची गरजच नव्हती. काशीरामने पोरीकडे पाहिलं, आणि मग चालीप्रमाणे सगळ्यांकडे पाठ केली. डोलीत पडल्या पडल्या रंभा म्हणाली, "पयलं नाव हौसाचं घ्या. पोरगी रातभर रडते."

विठूने पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं. "यो कोनाचा?"

काशीरामच्या समोर खाडी होती आणि भरती चढत होती. त्याला ऐकू गेलं नाही असं समजून विठूने पुन्हा विचारलं.

"रंभाचा," काशीराम म्हणाला.

लोक हसले. बावीसाची तीस वर्षं झाली होती, म्हातारपणी चुकायचंच. पहिल्यांदाच स्वतःच्या घराचं नाव आधी! बायको मरता मरता वाचली, चालायचंच.

"यो कोनाचा?"

"रंभाचा."

या वेळी कमी लोक हसले. तिसरा रंभाचा, चौथा रंभाचा. पाचव्याला विठूने बोट उचलून पुन्हा ठेवलं. सातव्याला कुणीतरी "आरं, ह्याला ताप चढलाय का बघा" असं म्हणालं. नवव्याला हौसा खाली बसली. अकराव्याला डोलीतून रंभाच ओरडली, "येड लागलंय का तुमाला? गावान तोंड दाखवायचं हाय मना!" पण विठू थांबू शकत नव्हता, कारण सुरू झालेली वाटणी मध्येच थांबवायची नाही हाही नियमच. आणि पाठमोऱ्याने घेतलेल्या नावावर बोलायचं नाही, हा तर त्याच्याही वरचा नियम. तीस वर्षं जपून ठेवलेला न्याय त्या दुपारी गावावरच उलटला होता, आणि गाव इतकं न्यायी, की ते मुकाट बघत उभं राहिलं.

सोळावा वाटा आला. तो नेहमीच काशीरामचा असायचा.

"यो?"

"यो बी रंभाचा."

मग तो वळला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. "बांध फुटलाय माझा," तो म्हणाला. "माती वाटनार नाय मी."

पानांवरच्या कॅप्सुला त्याने स्वतः वेचल्या, बाटलीत भरल्या आणि बाटली कमरेला बांधली. लोक रिकामी पानं घेऊन घरी गेले. त्या दिवशी दांडखारात पहिल्यांदाच काही घरांनी जेवताना दारं लावली.

पुढचे आठ दिवस रंभा नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. दिवसातून चारदा तो समोर येऊन बसायचा, ती रागाने तोंड उघडायची, तो कॅप्सूल ठेवायचा, पाणी द्यायचा आणि "आ कर" म्हणायचा. जीभ वर करून बघितल्याशिवाय उठायचा नाही. कारण दुसऱ्याच दिवशी तिच्या पदराच्या गाठीत त्याला एक ओली कॅप्सूल सापडली होती.

"शकूला ठेवली व्हती," हे त्या आठ दिवसांतलं तिचं एकमेव वाक्य. ते तिने भिंतीला सांगितलं.

शकूला मात्र वाटणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच काशीरामने खांद्यावर बसवून पनवेलला नेलं होतं. दमयंतीबाईंनी गाठ कापली, निचरा केला आणि पोरीला तिची स्वतःची बाटली लिहून दिली. ती संपेपर्यंत काशीराम रोज हौसाच्या दारात उभा राहायचा आणि तिलाही "आ" करायला लावायचा. गावाने यावरही नाक मुरडलं. एका एवढ्याशा पोरीसाठी अख्खी बाटली! पोरगी मान वळवू लागली, ही गोष्ट वेगळी.

दोघीही वाचल्या. गावाने काशीरामला वाळीत वगैरे टाकलं नाही. दांडखार तेवढं मागासलेलं नव्हतं. पुढच्या खेपेला खाजणातली मासळी निघाली तेव्हा फक्त वाट्यांकडे पाठ करून विठू उभा होता. काशीराम रांगेत उभा राहिला. विठूने त्याचं नाव सोळावं घेतलं. काशीरामने शेपटी घरी नेली, रंभाने तिचं कालवण केलं आणि ताटात वाढताना ती कितीतरी दिवसांनी आपण होऊन बोलली, "बरा झाला. मना आता डोकं खपलं नसतं." काशीराम हसला, पण त्याला घास लवकर गिळवेना. तीस वर्षांची पाठ गेली, याचं दुःख त्याला मरेपर्यंत राहिलं.

गावाने झाल्या प्रकारापासून धडा घेतला नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. एकमताने ठरलं, की यापुढे कुणाच्या घरी औषध उरलं, तर ते काशीरामला कळू द्यायचं नाही.

दांडखारच्या अडाणीपणाला शिकल्यासवरल्या वाचकाने खुशाल हसावं. हसून झालं की जरा उठावं आणि आपल्या कपाटातला तो डबा उघडावा. थर्मामीटर, जुन्या चिठ्ठ्या आणि मलमाची वाळलेली नळी यांच्याखाली एक पाकीट असेल. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवलेल्या गोळ्यांचं. मोजाव्यात, चार तरी निघतील. दांडखारने निदान त्या शेजाऱ्याच्या पोरीसाठी ठेवल्या असत्या. पाठ तुम्ही केव्हाच फिरवली आहे, तेव्हा आता वाट्यावर फक्त बोट ठेवायचं राहिलंय. यो कोनाचा?